गुणसंधीला गुण्या लागतो

२ डिसेंबर, मंगळवार
मा.ने, म्हणजे बायकोने, आज अट घातली! म्हणजे सरळ नकार नाही. हे ऐतिहासिकच.
अलिबागच्या प्रदर्शनाच्या हॉलवाल्या परांजपेबाईंचा हिला फोन होता. जानेवारीत भिंती मोकळ्या आहेत, तुमची जलरंगातली चित्रं लावू या. बायको नेहमीप्रमाणे "बघू" म्हणणार, तेवढ्यात मी मागून ओरडलो, "फ्रेमा मी करतो!"
फोन ठेवल्यावर: "अहो, खिळा ठोकायचा म्हटलं की आधी बोटाला पट्टी बांधता तुम्ही."
मग थांबून: "एक फ्रेम दाखवा. एकाही कोपऱ्यात नख शिरता कामा नये. मग बाईंना हो कळवते. नाहीतर चित्रं आहेत तिथे बरी आहेत."
तिथे म्हणजे गादीखाली. शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून हिने ब्रश धरलेला नाही, आणि आधीच्या चित्रांवर आम्ही रोज झोपतो. बाईंना उत्तर रविवारी हवं, १४ला.
बाजारातली तयार सोनेरी फ्रेम चालणार नाही. "चित्र राहतं बाजूला, लग्नाचा हॉल दिसतो."

३ डिसेंबर
कोर्टाच्या बातमीसाठी अलिबाग. बातमी दहा मिनिटांत उरकली, पट्ट्या निवडायला दुपार गेली. सागाच्या घेतल्या, मागून काच बसायला खाच असलेल्या. काय रेषा आहेत! शिवाय मायटर बॉक्स: लाकडी खोका, त्याला पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या चिरा. चिरेतून करवत चालवली की चूक होऊच शकत नाही, इति दुकानदार.

५ डिसेंबर
चूक होऊ शकते.
तीन कोपरे बरे. चौथा आ वासून. व्याकरणात याला प्रकृतिभाव म्हणतात. दोन स्वर अगदी शेजारी येऊन बसतात, पण संधी करायला नकार देतात. मा.ला हे समजावून सांगितलं.
"फट म्हणा," म्हणाली.
शेजारच्या वाडीतला बारक्या शहाळी घेऊन आला होता. व्याकरण ऐकवतो म्हणून मला गुरुजी म्हणतो. त्याने फ्रेम डोळ्यांसमोर धरली. "गुरुजी, फ्रेम हाय का खिडकी? कोपऱ्यातनं माजी वाडी दिसतंय."
फटीत भुसा आणि गोंद कालवून भरला. कोणाला कळायचं नाही.

५ डिसेंबर, पुन्हा
मा.ला कळलं.

७ डिसेंबर, रविवार
निदान झालं. आठ काप, प्रत्येकात केसाएवढी चूक. पहिले तीन कोपरे आपापली चूक सभ्यपणे पुढे ढकलतात, चौथ्याला पुढे जागाच नाही. सरकारी अर्जाचंही असंच होतं. त्यात समोरासमोरच्या पट्ट्या सूतभर कमीजास्त. मग चारही कोन काटकोन होणार कुठून?
उपाय: खोक्याच्या टोकाला ठोकळा पक्का केला. पट्टी त्याला टेकवायची, मग कापायची. जुळ्या निघतात! लांबीचा प्रश्न मिटला. कोनाचा नाही. अख्खा दिवस पंचेचाळीस, पंचेचाळीस असा जप.

९ डिसेंबर
सापडलं! रेवदंड्याच्या एस.टी.त, दांडीला लोंबकळत असताना.
अ आणि इ मिळून ए होतो. गुणसंधी. त्यात ना अ पुरता उरत ना इ. आणि मी प्रत्येक पट्टीकडून स्वतंत्रपणे नेमके पंचेचाळीस मागत बसलो होतो! कशाला? दोघींची बेरीज नव्वद झाली की संपलं. एक जेवढी कमी पडेल तेवढीच दुसरी जास्त हवी. बस्स!
समोरची सीट रिकामी झाली तरी बसलो नाही. कंडक्टर: "काका, उतरायचंय का?" उतरलोच. दोन थांबे आधी. चालत घरी.
मा.ला उभ्या उभ्या सांगितलं. ती भाजी निवडत होती. "इतक्या वर्षांच्या संसारात हे तुम्हाला लाकडाकडून कळलं?"

१० डिसेंबर
फळीवर काटकोनी ठोकळा बसवला, टोक फळीच्या कडेकडे करून. गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून टोक तपासलं, दोनदा. ठोकळ्याच्या डाव्या कुशीला एक पट्टी, उजव्या कुशीला तिची जोडीदारीण, आणि रंधा कडेने सरकवायचा. ठोकळा जरा तिरका बसला तरी डावीकडची चूक उजवीकडे फिटते.
गुणसंधीला गुण्या लागतो! हे वाक्य मा.ला ऐकवलं. मग संपादकांना, फोनवर.
"रो-रो बोटीच्या गर्दीची बातमी कुठंय?"
"संधी साधतोय," म्हटलं. त्यांना विनोद पोचला नाही. बातमीही.

१२ डिसेंबर
पहिला कोपरा मिटला. मिटला म्हणजे डोळा मिटावा तसा! दुसऱ्याला हलका रंधा. तिसऱ्याला अजून एक हात. एका पट्टीला जेवढं, समोरचीला तेवढंच. पडवीभर सालपटं, सागाचा वास. हात थांबत नाहीत.

१३ डिसेंबर
झाली!! चारी कोपरे.
मा.ने चष्मा लावला. एकेका कोपऱ्याला नख लावून पाहिलं. मग फ्रेम दारात नेऊन उजेडासमोर धरली. बारक्यालाही बोलावलं. "न्हाय बा. वाडी न्हाय दिसत."
मा. आत गेली आणि तिने गादी उचलली. स्वतः! तळ्याचं चित्र काढलं, फ्रेम पालथी घातली, चित्र खाचेवर ठेवलं.
चित्र मोठं. दोन्हीकडून बोट-बोट बाहेर.
कोपरा जुळेना की रंधा, जुळेना की रंधा. फ्रेम आटत गेली आणि मी फक्त कोपऱ्यांकडे पाहत होतो. मा. इतकी हसली की जमिनीवर बसली. मीही हसलो आणि त्या भरात म्हणालो, "कडेने जरासं चित्र कापलं तर?"
हसणं बंद. चित्र परत गादीखाली.
गाढव आहे मी.

१४ डिसेंबर, रविवार
उठलो तर मा. जागेवर नाही. मागच्या पडवीत होती. खाचेत नेमका बसेल असा कोरा कागद कापून घेतलेला. रंगांची पेटी उघडी. तडकलेल्या वड्यांवर थेंब थेंब पाणी सोडत होती.
मी दारातच उभा राहिलो. ती न वळता म्हणाली, "फ्रेम चांगली झालीय. हिच्यात मावेल असं माझ्याकडे काही नाही. करावं लागेल."
"आणि परांजपेबाई?"
"त्यांचा फोन येईल तेव्हा बघू. आधी हे काय उतरतंय ते कळू दे."
"मग मी दुसरी फ्रेम घेऊ करायला?"
"घ्या. पट्टी वाढीव कापा."
दुपार. कागदावर सुपारीचे शेंडे उतरलेत, खाली अजून पांढरं. मी पलीकडे रंधा हातात घेऊन नुसता बसलोय, आवाज नको म्हणून.
फोन वाजतोय. परांजपेबाईच असणार. हिचे दोन्ही हात निळे.
"तुम्ही नका उचलू," म्हणाली. "मी येते."