सासरेबुवांचं रोजचं खळं

३ फेब्रुवारी
आज सूर्याला खळं पडलं आणि तारांगणाच्या फोनने माझा जीव खाल्ला. एक बाई म्हणाल्या, सूर्य कडेने वितळतोय. एका गृहस्थांना हे किती वाजेपर्यंत चालणार ते हवं होतं, गच्चीत कपडे वाळत घालायचे होते म्हणे. मी आपली प्रत्येकाला तीच टेप — उंचावर विरळ ढग, ढगात बर्फाचे कण, त्यातून प्रकाश वळतो, घाबरू नका. आणि माझ्या खोलीला खिडकी नाही!

पहिली खबर दिली कोणी, तर आमच्या सासरेबुवांनी. संचालक एवढे खूश की त्यांनी बाबांना 'आकाशमित्र' असा बिल्ला पाठवला. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून बाबा नुसते बसून असायचे. आज शीळ घालत होते. बरं वाटलं.

४ फेब्रुवारी
बिल्ला बनियनवर लावलाय.

८ फेब्रुवारी
चार दिवस झाले, रोज फोन. "सूनबाई, पडलंय." ढगाचा पत्ता नाही आणि यांच्या सूर्याला खळं! आज तर मावळतानाही. संचालक म्हणाले, सासऱ्यांना आवरा, आणखी एक थाप आली तर बिल्ला परत घ्यावा लागेल. वर ते काम माझ्याच गळ्यात. बनियनवरून बिल्ला काढायचा म्हणजे काय, कातडीच काढायची.

९ फेब्रुवारी
सापळा लावला. चहा देताना सहज म्हटलं, बाबा, आज चौकोनी खळं दिसतंय म्हणे. वाटलं, लगेच हो म्हणतील. गच्चीत जाऊन आले, शांतपणे म्हणाले, गोलच आहे, चौकोनी सांगणारा थापा मारतोय.

थापा कोण मारतंय!

१२ फेब्रुवारी
आज पकडलेच. गच्चीत उभं करून रीत समजावली — सूर्याकडे थेट बघायचं नाही, हात लांब करून अंगठ्याने तो झाकायचा, मग वीत ताणली की करंगळी खळ्याला टेकते. आकाश घासून ठेवल्यासारखं स्वच्छ. मला काही दिसेना. ते म्हणाले, वीत कुठली, जेमतेम चार बोटं. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस, ठामपणे सांगतो. मी विचारलं, लाल रंग कुठे? म्हणाले, बाहेरून.

इतकं हसले मी. खऱ्या खळ्याला लाल आतून असतो. तारांगणाच्या दारात हा एवढा मोठा तक्ता लावलाय, माझा डबा द्यायला येतात तेव्हा ते रोज त्याच्यासमोर उभे राहतात. म्हटलं, बाबा, थाप मारायची तर निदान तक्ता बघून तरी मारा.

ते हसले नाहीत. "तक्त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मला दिसतं ते मी सांगतो."

मग डोकं जड झालंय म्हणून आडवे झाले. रुसले की त्यांचं डोकं दुखतंच.

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी बिल्ल्याचं सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले. बाबा ओट्याशी उभे, वर दिव्याकडे बघत. दिव्यासमोर चार बोटं धरलेली.

"सूनबाई, इथेही पडलंय."

लाल बाहेरून, म्हणाले.

इथे कुठला ढग आणि कुठला बर्फ?

१४ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्यातला दाब फार वाढलाय, त्यामुळे उजेडाभोवती कडी दिसतात. उजवा वाचेल. डाव्याचं काही सांगता येत नाही. बाईंनी बाबांना विचारलं, कडी कधीपासून दिसतात, घरात कुणाला बोलला नाहीत का?

बाबा म्हणाले, "सूनबाईला रोज सांगत होतो."