साक्षीदाराचं हसं

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात बोलायला गेलं तरी सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. म्हणून लिहिते आहे. गेल्या थंडीत मी कोर्टात साक्ष दिली. तुम्ही जन्मभर जिथे उलटतपासणी घेतलीत त्याच कोर्टात, आणि तुम्ही कधी उभे राहिला नाहीत त्या पिंजऱ्यात.

मी आता थाटीपुरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. शाळेतून रिटायर झाले. बाल्कनीच्या खाली, भिंतीला लागून, एक बाई कोळशाच्या इस्त्रीनं मोहल्ल्याचे कपडे प्रेस करायची. समोरच्या ठेकेदाराच्या मुलाला तिथे गाडी लावायची होती. एका दुपारी तो खाली उतरला, तिला शिव्या दिल्या आणि तिचं टेबल लाथेनं उलटवलं. इस्त्री पडून उघडली आणि निखारे तिच्या पायांवर सांडले. मी कपडे वाळत घालत होते, सगळं पाहिलं. तिची किंकाळी अजून कानात आहे. पाहिलं तर आणखी दोघांनी होतं, दूधवाल्यानं आणि तळमजल्यावरच्या साहेबांनी, पण पेशीपर्यंत, म्हणजे कोर्टात तारीख लागेपर्यंत, दोघंही पलटले. उरले मी.

साक्षीच्या आठवडाभर आधी ठेकेदार स्वतः घरी आला, तिळाच्या गजकचा डबा घेऊन. खुर्चीवर अगदी अदबीनं बसला. "बहनजी, आपके पिताजी को हम भूले नहीं हैं. हमारे बड़े भाई को उन्होंने ही छुड़ाया था. आप तो घर की हुईं." उठता उठता त्यानं बाल्कनीकडे पाहिलं. "अकेली रहती हैं. ज़माना ख़राब है, दरवाज़ा देखकर खोला कीजिए." तो गेल्यावर मी कडी लावली, मग वरची कडी, मग दाराला खुर्ची टेकवून ठेवली. गजक कामवालीला देऊन टाकली. नंतर वाटलं, तिनं तरी का खावी.

त्या आठवड्यात तुमचे किस्से फार आठवले. गोरखीतल्या जुन्या घरातलं आपलं स्वयंपाकघर, आई तव्यावर पोळी टाकते आहे आणि तुम्ही पाटावर बसून त्या दिवशीचा साक्षीदार करून दाखवता आहात. म्हैसचोरीच्या खटल्यातला तो गवळी! तुम्ही विचारलंत, "इतनी भैंसों में अपनी वाली पहचानी कैसे?" तो म्हणाला, "हमने कहाँ पहचानी साहब, उसने हमें पहचाना." जजसाहेबसुद्धा हसले म्हणे. आईच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. तुम्ही त्याचे थरथरणारे हात इतके हुबेहूब करायचात की मी पुन्हा पुन्हा करायला लावायची. ते हात का थरथरत होते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

फक्त एकदा, एका दुसऱ्या साक्षीदाराबद्दल विचारलं होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं होतंत. पिंजऱ्यात एक बाई होती, तिला नवऱ्याच्या भावानं मारलं होतं. तुम्ही विचारलंत, "लाठी लगी तब आप क्या कर रही थीं?" ती म्हणाली, "रो रही थी." "लगने से पहले?" "पहले भी रो रही थी." सगळे हसले. ती गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागली आणि मग तीही हसली. परत येताना टांग्यात मी विचारलं, "अण्णा, ती खरं बोलत होती का?" तुम्ही मान वळवली नाहीत. "खरंखोटं जज बघतो. मी फक्त विचारतो. आणि असले प्रश्न पुन्हा मला विचारायचे नाहीत." मी पुन्हा विचारले नाहीत.

पेशीच्या दिवशी ठेकेदाराचा मुलगा मागच्या बाकावर बसून माझ्याकडे एकटक बघत होता. त्याचा वकील तरुण होता, हसतमुख. म्हणाला, "मैडम, ज़रा चश्मा उतारिए. सामने घड़ी में क्या बजा है?"

"सवा चार."

"अच्छा! बिना चश्मे के सब दिखता है?"

"नहीं साहब, कुछ नहीं दिखता. घड़ी बंद है. सुबह से सवा चार ही बजे हैं."

लोक हसले. वकीलही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मला विनोद करायचा नव्हता, अण्णा. मी इतकी घाबरले होते की विचारलं तेवढंच तोंडातून येत होतं. पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेले माझे हात मला दिसत होते. ते त्या गवळ्यासारखेच थरथरत होते.

"तो दूसरी मंज़िल से मेरे मुवक्किल को कैसे पहचाना?"

"चश्मा लगाकर."

पुन्हा हशा. मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मेज़ ग़लती से भी गिर सकती है. आपको क्या पता उसके मन में क्या था? मन में आप बैठी थीं?"

"मन का मुझे नहीं पता. पैर का पता है. पहली लात से मेज़ नहीं गिरी, तब उसने दूसरी मारी."

या वेळी कोणी हसलं नाही. जजसाहेबांनी ते वाक्य स्वतः पुन्हा सांगून लिहून घ्यायला लावलं. इस्त्रीवाली दाराशी चपला काढून जमिनीवर बसली होती, पायाची कातडी अजून गुलाबी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खाली उतरले तेव्हा शिपायानं हात दिला. बाहेर तो मुलगा पायरीवर उभा होता. "आंटीजी, बहुत अच्छा बोलीं," एवढंच म्हणाला. मी ऑटो केला आणि घरी येईपर्यंत मागे वळून बघत होते.

त्याला शिक्षा झाली. अपिलासाठी जामीनही लगेच मिळाला. इस्त्रीवाली आता इथून लांब, हजीऱ्याच्या वस्तीत तिच्या बहिणीकडे राहते, तिकडेच काम करते असं ऐकलं. भिंतीपाशी त्याची गाडी उभी असते. मी कपडे आतल्या खोलीत वाळत घालते. रात्री गाडीचं दार वाजलं की उठून बसते.

इथल्या ओळखीच्या वकिलांनी मला म्हटलं, "आख़िर बेटी किसकी हैं." मी मान डोलावली. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठे जाणारच नाही. त्या दिवशी उलटतपासणीला समोर तुम्ही असतात, तर मी म्हटलं असतं की मला काही दिसलं नाही.