साहेब सापडले

दि. १४ मार्च

चि. धाकट्या,

इकडे सगळं ठीक. ऑपरेशनचे टाके सुकले, जिना चढताना आता दम लागत नाही. दुकान उघडलंय, पण तसबिरींच्या चौकटींचं लाकूड महाग झाल्यामुळे गिऱ्हाईक नुसतं भाव विचारून जातं. लेकीचा खोकला थांबला का? तुझ्या बायकोने पाठवलेली शाल रोज वापरते, तिला सांग.

मध्ये एक बरं काम मिळालं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना थाटलाय, तिथे भिंतीवर तसबिरी लावायच्या होत्या. संध्याकाळी मी शिडीवर चढून खिळा ठोकत होते आणि आतल्या खोलीतून काकाकुव्याची किंकाळी आली. हातोडी हातातून सुटलीच.

दिवस मावळताना काकाकुवा का ओरडतो, ते बाबांनी आपल्याला सांगितलं होतं. रानात रात्रीच्या मुक्कामाच्या झाडावर उतरताना ते एकमेकांना हाका मारतात, आपले सगळे आले ना म्हणून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका हो, आमची परी आहे. रोज या वेळेला घर डोक्यावर घेते."

"कुठून आणलीत?"

"एका गृहस्थांनी दिली. त्यांच्या बहिणीची होती. बहीण बिचारी ऑपरेशनमध्ये गेली म्हणे. सांगताना डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

मी शिडीवरून उतरले. आत गेले. पिंजऱ्यात आपले साहेब होते. छातीवरची सगळी पिसं स्वतःच उपटलेली, खाली गुलाबी कातडी. मला बघितलं आणि तुरा असा फुलवला, की बाबांनी त्यांना 'साहेब' का म्हटलं ते पुन्हा कळलं. मग मान खाली घालून गजांपाशी आले, खाजवून घ्यायला. नाव ठेवल्यावर पुढे लालसर डोळ्यांवरून, मादीचेच तसे असतात ना, साहेब बाई निघाले तरी आपण नाव बदललं नव्हतं, आठवतं? आपण किती हसलो होतो.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ती बहीण मीच."

त्या खुर्चीत बसल्याच. त्यांचा काही दोष नाही. पिंजरा त्यांनी स्वतः रिक्षापर्यंत आणून दिला.

ऑपरेशनपुरते साहेब तुझ्याकडे ठेवले, त्यातली तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. काकाकुव्याच्या अंगावरून पांढरी भुकटी झडते, ती घरभर होते, त्यात पोरगी खोकणारी. इस्पितळात येऊन माझ्या कानात एवढं म्हणाला असतास, "ताई, जमत नाही," तर मीच दुसरी सोय लावली असती. साहेब तुझ्याहून वयाने मोठे. बाबांच्या मागे मी दोघांनाही सांभाळलं, तेव्हा तुझ्यासाठी त्यांना दूर करणं मला जड गेलं असतं, पण केलं असतं.

तू म्हणालास, खिडकी उघडी राहिली आणि उडून गेले. बरं, तेही सोड. पण मी ओले टाके घेऊन बागेत झाडाझाडाखाली फिरत होते, तेव्हा माझा दंड धरून तू बरोबर होतास. "साहेब, ओ साहेब!" अशा हाका तू मारत होतास. माझ्यापेक्षा मोठ्याने. वर बघून शिट्टी वाजवायचास आणि मला म्हणायचास, "श्श, ऐक, त्या फांदीवर काहीतरी हललं." मी श्वास रोखून उभी राहायचे रे.

त्याचंच राहून राहून आश्चर्य वाटतं. खोटं माणूस बोलतं. पण इतक्या आपुलकीने?

तरी मनाला म्हटलं, स्वतःहून सांगेल. म्हणून परवा तुझा फोन आला तेव्हा मुद्दाम विचारलं, साहेबांची काही खबर? तू उसासा टाकलास. म्हणालास, "ताई, आता नाद सोड. कुठल्यातरी झाडावर सुखात असतील." तेव्हा साहेब माझ्या खांद्यावर बसून कॉलरचं बटण कुरतडत होते. मी म्हटलं, "असतील बाबा," आणि फोन ठेवला.

पिसं अजून उपटतात. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, सवय लागली की लवकर सुटत नाही, जवळ माणूस हवं. म्हणून दुकानातच ठेवते. उरलेल्या पट्ट्या चावून भुगा करतात, संध्याकाळी ओरडतात. मी ओ देते.

दुकानाची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे, ती पोस्टाने पाठव. स्वतः आणून देऊ नकोस. लेकीला सुट्टीत यायचं असेल तर आईबरोबर येऊ दे, तिच्यावर माझा राग नाही.

पत्राच्या शेवटी तुला नेहमी आशीर्वाद लिहीत आले. आज लिहायला बसले, पण पेन पुढे जाईना.

ताई