तू उतरल्यावर उरलेला आकडा

प्रिय पैलवान,

आधी निकाल सांगते, कारण कारणं वाचत बसायचा धीर तुझ्यात कधीच नव्हता. तुझं वजन ६३.६ किलो आहे. तुझ्या उंचीला आणि वयाला मर्यादा ६४. तू बसतेस. डॉक्टर मॅडमनी तुझ्या कागदावरच्या ‘अनफिट’वर माझ्यासमोर आडवी रेघ मारली. सोमवारी सकाळी आठला त्याच खोलीत, त्याच काट्यावर फक्त एकदा उभं राहायचं आहे. आता श्वास सोड आणि पुढचं वाच.

वजनकाट्यावर जाड रबरी चटई होती, आठवते? वजन घेणाऱ्या काकांनी ती मंगळवारी सकाळी काटा शून्यावर सुरू केल्यानंतर टाकली, पोरींचे पाय गारठतात म्हणून. चटई १.३ किलोची. मंगळवारी जी जी उभी राहिली, तिच्या वजनात ती चटई मिसळली. तुझं ६४.९ भरलं. नऊशे ग्रॅमसाठी तू बाहेर, तेही शेवटच्या संधीला, कारण सैन्याच्या पुढच्या भरतीला तुझं वय बसत नाही.

गेले दोन दिवस मला जिमच सारखी आठवते आहे. पहिल्याच दिवशी मी बारच्या दोन्ही टोकांच्या प्लेट्स वजन करून बघितल्या होत्या. ‘अगं, उचलायच्यात त्या, सून म्हणून घरी न्यायच्या नाहीत,’ असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस आणि माझं नाव मिलिमीटर पडलं. तेव्हा मला एकही पुलअप येत नव्हता. तू माझे घोटे धरून मला वर ढकलायचीस, आणि हळूहळू, मला न सांगता, हात सैल करायचीस. चौदा महिन्यांत माझे सहा झाले. त्यातला पहिला खरा कोणता, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

कोचसरांनी तुला वजन उतरवायला पाणी तोडायला सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘सर, मला अधिकारी व्हायचंय, वाळवलेली मिरची नाही.’ मला हसू आलं होतं, पण पटलंही होतं. भिंतीवरून स्वतःला ओढून घ्यायला, जखमी माणूस खांद्यावर टाकून धावायला जे अंग लागतं ते तू कमावलं होतंस. तक्त्यात त्याला रकाना नाही, एवढाच तुझा दोष. माझं उलटं. माझ्या उंचीला किमान ४८ हवेत आणि मी तिथे कधी पोचते, कधी नाही. मंगळवारी सकाळी तू मला चार केळी कोंबलीस. ‘खा गं काडे, वाऱ्याने उडशील,’ म्हणालीस. स्वतः एकच खाल्लंस.

मग तू काट्यावर चढलीस. काकांनी आकडा वाचला. तू हसून म्हणालीस, ‘काका, हाडं जड आहेत हो, परत बघा ना.’ त्यांनी परत बघितला. ६४.९. तू चपला हातात घेऊनच बाहेर आलीस, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, ‘मिलिमीटर, तू तरी घुस.’

माझा नंबर तुझ्यानंतर होता. माझं ४८.६ भरलं. मी घुसले.

पैलवान, तू उतरलीस तेव्हा आकडा शून्यावर आला नाही. दोन सेकंद १.३ दिसला आणि मग पडदा काळा झाला. काका लिहीत होते, त्यांनी बघितला नाही. मी बघितला. कारखान्यात रोज वीस उपकरणं तपासते, रिकाम्या काट्याकडे आधी बघायचं हे माझ्या हातापायांत आहे. तुझ्या ६४.९मधून १.३ वजा करायला मला वेळ लागला नाही. माझ्या ४८.६मधून वजा करायलाही नाही. त्या एका चटईने तुला बाहेर काढलं होतं आणि मला आत घेतलं होतं. मी चपला घातल्या आणि डोळे तपासायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

बुधवारी तुझा फोन बंद. गुरुवारी शेवटचा कागद समोर आला: वजन ४८.६, वरील नोंद बरोबर आहे, सही. चार वर्षांत मी हजारो तपासणी दाखल्यांवर सही केली आहे, पण चूक आहे हे ठाऊक असलेल्या आकड्याखाली कधी नाही. पेन टेकलं आणि पुढे सरकेना. मी आत जाऊन डॉक्टर मॅडमना म्हटलं, चटई काढून काटा सुरू करा, मग नुसती चटई ठेवून बघा. १.३. काकांचा चेहरा पडला. ‘अहो, चटई मीच टाकली, पोरींसाठी.’ मॅडमनी माझा कागद ओढून घेतला. ‘म्हणजे तू सातशे ग्रॅम कमी. हे माहीत असून सांगतेयस?’ मी म्हटलं, सांगायला दोन दिवस उशीर झालाय, मॅडम. त्यांनी चटई काढून मला पुन्हा उभं केलं. ४७.३. सतरा जणींच्या नोंदी दुरुस्त झाल्या, निकाल बदलला तो आपल्या दोघींचाच. मला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं आहे. माझी ही पहिलीच वेळ, मला मुदत मिळते. तुला मिळाली नसती. बाहेर आले तेव्हा इतकी भूक लागली होती की कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या दोन माणसांचं जेवले.

मेडिकल बोर्डाचं पत्र तुला उद्या मिळेलच. त्यात ‘उपकरणातील त्रुटीमुळे’ एवढंच असेल. ती त्रुटी मी मंगळवारीच बघितली होती, हे त्यात नसेल, आणि ते तुला बोर्डाच्या पत्राआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. तोंडाने सांगायला आले होते. तुझ्या आई म्हणाल्या, तू दार लावून बसली आहेस, डंबेल माळ्यावर टाकले आहेत. म्हणून कागद मागून घेतला आणि तुमच्या जिन्यात बसून लिहिलं. आता तो त्यांच्या हाती देते आणि परत इथेच, तिसऱ्या पायरीवर येऊन बसते. शिव्या द्यायच्या तर दे, मी मोजणार नाही. पण येताना डंबेल घेऊन ये. मला सहा आठवड्यांत सातशे ग्रॅम हवेत, आणि ते केळ्यांचे नकोत.

सोमवारी शून्य बघायला तुझ्याबरोबर येणारी,
तुझीच,
मिलिमीटर