दहावा माणूस मिळाला

टास्मानिया, रविवार

लाडक्या आई,

तुला घट्ट मिठी. मी मजेत आहे, सफरचंदं तोडतो, पोटभर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल काय झालं ऐक. इथल्या सिनेगॉगच्या भिंतीवर कुणीतरी ज्यूंना शिव्या रंगवल्या, तेव्हापासून लोक यायला घाबरतात. मी सहज डोकावलो, तर दारावर पहारा देणाऱ्या काकांनी अडवलं.

"ज्यू आहेस? शुक्रवारी आई काय शिजवते?"

"कोंबडीचं सूप. मीठ कमी."

"मग आपलाच आहेस. चल आत."

आत झेलिग आजोबा होते. त्यांची बायको नुकतीच वारली. तिच्यासाठीची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येईना, आणि दोन शनिवार नऊच आले होते. आपल्यात माणसं मोजणं अशुभ ना, म्हणून ते बोट नाचवत म्हणाले, "एक नाही, दोन नाही..." माझ्यापाशी "दहा नाही" म्हणताना त्यांनी माझा खांदाच धरला. मग प्रार्थना अशी खणखणीत म्हटली म्हणतेस!

तू सांगतेस, आपली ज्यूंची टोपी खिशात ठेव आणि घरी ये. रस्त्यात खिशातच ठेवतो गं. पण आजोबांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी आहेस ना रे?" आणि कुठेच न टिकणारा मी चक्क हो म्हणालो.

प्रार्थनेच्या वेळी दार आतून लावतात, त्यामुळे तू निवांत झोप.

तुझाच भटक्या,
नफ्ताली