हळदीला पळवलेली पेशंट

पावणे गाव,
रविवार, मे १९९६

ती. रुतिकाताईला कल्पेशचा खाली वाकून नमस्कार.

ताई, आधी गुन्हा ऐक, मग बाकीचं. मी पेशंट पळवली. बेडवरून उचलली, टेम्पोत घातली आनि हळदीला नेली. आता सांग, तुझी तब्येत कशी हाय? अलिबागला अजून तुला डबल ड्यूटी लावतात काय? मावशीची कंबर बरी असंल, भाऊजी पन मजेत असतील. (हे मनापासून विचारतोय. पुढे लिहिता लिहिता विसरलो असतो म्हनून आताच उरकलं.)

तुला लिहायचं कारन, मला या नर्सिंगमधे तूच घातलंस. मी बारावी दुसऱ्या खेपेला काठावर सुटलो तेव्हा आबा मला इथल्याच कंपनीत चिकटवनार होते. तू मधे पडलीस, बोललीस, पोराचा हात हलका हाय, नर्स होऊ दे, उद्या गल्फला जाईल. तेव्हापासून गावात मला कोन कल्पेश बोलत नाय, 'नर्सबाय' बोलतात. त्याचं मला टेन्शन नाय. ज्याने सगळ्यात जास्त चिडवलं तोच परवा पायात खिळा घुसवून आमच्याकडे आला, आनि त्याच्या धनुर्वाताच्या सुईला ड्यूटीवर मीच होतो. (हात हलकाच ठेवला. जरा वेळ लावला एवढंच.) माझं दुखनं वेगळं हाय. मला वाटतं या कामाला मी चुकीचा मानूस हाय, आनि ते मला हळदीत कळलं.

मी ट्रेनिंगला हाय त्या वॉर्डात राहीबाई हाय. आपल्या गावची धवलारीन. तिने धवले गायल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाय, भटजी उशिरा आला तर चालतो. तिला साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याला जखम, पाय खाली टेकायचा नाय अशी डॉक्टरची ताकीद. आनि इकडे जयदेवकाकाच्या पोरीची हळद. काका हॉस्पिटलात येऊन रडवेला होऊन गेला. राहीबाई मला बोलली, "पोरा, त्या पोरीच्या आईला पन मीच हलद लावली. मना जावाचा हाय. तू नेतंस का मी सरपटत जाव?" ताई, वॉर्डातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्याकडे असं कोनी बघितलं की माझं डोकं चालायचं बंद होतं आनि गंमत सुरू होते.

प्लॅन असा. दुपारी वॉर्डची बतूल सिस्टर जेवायला गेली की काकाचा टेम्पो मागच्या गेटला. बेड कोपऱ्यातला, पडदा ओढलेला, पन बेड रिकामा दिसून चालनार नाय. म्हनून झैदला झोपवला. झैद म्हंजे माझ्या बॅचचा, म्हसळ्याचा. एवढ्या मुलींत आमी दोघंच पोरगे, त्यामुळे जे काय घडतं ते आमच्या दोघांच्या नावावर जातं, आनि बरेचदा बरोबरच जातं. तो डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून पडला. मी जायच्या आधी राहीबाईला दुपारचं इन्सुलिन दिलं. मोजून, बरोबर, सिस्टरने शिकवलं तसं. मला वाटलं, बघा, मस्ती करतो पन काम चुकवत नाय.

ताई, तुला आताच कळलं असंल मी काय केलं. मला नाय कळलं. सुई दिली नि ताट नाय दिलं. ताट आलं तेव्हा आमी सानपाड्याच्या पुढे होतो, ते ताट झैदने चादरीखाली खाल्लं. (बोलतो, भाजीत मीठ नव्हतं.)

मांडवात राहीबाई पाटावर बसली आनि काय गायली ताई. बायकांचे डोळे भरले. मी सरबत वाटत फिरत होतो, माझ्यामुळे हळद लागली म्हनून छाती फुगवून. तिला दोनदा खायला विचारलं तर बोलली, धवले संपल्याबिगर तोंडात काय घालत नाय, माझा नेम हाय. मी बोललो बरं. एक नर्स 'बरं' बोलला.

मग गाता गाता तिचा आवाज फिरला. अंग थरथरायला लागलं, घामाने लुगडं भिजलं, काहीबाही बडबड. बायका ओरडल्या, एकविरा आली, आई आली. कोनी कुंकू आनलं, कोनी नारळ. जयदेवकाका लगेच हात जोडून पुढे, विचारतो, आई, सरकारने जमिनी घेतल्या त्याच्या बदल्यातला आमचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कवा मिळंल? राहीबाई बोलली, "म्हशीला पानी दाव." त्यावर दोन मानसं अर्थ लावत बसली. आनि मी तिथे सरबताचा जग घेऊन उभा, आनि मला एकदम सिस्टरचा फळा दिसला: घाम, थरथर, बडबड. इन्सुलिनवर जेवन नाय, साखर उतरली.

मी गर्दीत घुसलो, तिला टेकवून बसवली आनि गिळते का बघत बघत घोट घोट सरबत पाजायला लागलो. मागून माझी कॉलर धरली. "नर्सबाय, देवीला सरबत पाजतोस?" मी बोललो, देवी उन्हाची आलीय, तहान लागली असंल. कॉलर सुटली. दुसऱ्या ग्लासाला तिने डोळे नीट उघडले, इकडेतिकडे बघितलं, आनि जिथे तुटला होता तिथूनच धवला धरला. लोकांनी पाया पडायला लाईन लावली. काका अजून मला बोलतो, तू घाई केलीस, आई तारीख सांगनार होती.

धवला संपला तसा मी टेम्पो मांडवाच्या तोंडाशी लावला.

परत आनली तर बतूल सिस्टर बेडजवळ स्टुलावर बसलेली आनि झैद भिंतीला तोंड करून उभा. ड्रेसिंगला म्हनून तिने चादर वर केली तर खाली दोन केसाळ पाय, जखम गायब.  सिस्टरने आधी राहीबाईची साखर बघितली, तिला खायला घातलं, पट्टी सोडली. पट्टी पिवळीधमक, आत हळद नि माती. जखम भडकलीय ताई. अंगठा राहतो की काढावा लागतो ते उद्या ठरनार. सगळं आवरल्यावर सिस्टर मला एवढंच बोलली, "तू पेशंटला हसवतोस ते मला आवडतं. पन ती जेवली का, हे विचारायचं काम कोनाचं होतं?"

त्याच्यावर मला जोक सुचला नाय. अजून नाय सुचला. राहीबाई बोलते, अंगठा गेला तर गेला, गळा हाय ना. ती बोलते म्हनून माझं मोकळं होत नाय. तर मी सोडतोय. काकाचा टेम्पो चालवीन. टेम्पोला जेवायला विचारावं लागत नाय.

तुझा,
कल्पेश

ता. क. उद्या सोमवारी अकराला पालक घेऊन मेट्रनला भेटायचंय. आबांना नेलं तर ते मला तिथेच मारतील आनि ड्रेसिंग पन मलाच करावं लागंल. तू मोठी बहीन हायस, वर स्टाफ नर्स, पालकात बसतेस. पत्र शेजारच्या भाऊच्या हातात देतोय, तो आज रात्रीच अलिबागला येतो. तू सकाळच्या लाँचने निघ. साधी साडी नेस, पन नर्स दिसशील अशी.

ता. क. २. मेट्रनला विचार, काढून न टाकता पहिल्या वर्षाला पुन्हा बसवता येतं का. सोडतोय ते वर लिहिलंय ते खरं हाय, पन तू विचारून बघ.

ता. क. ३. सोमवारपर्यंत मला वॉर्डबंदी हाय. म्हनून काल नि आज जेवनाच्या टायमाला मी व्हिजिटरचा पास काढून आत गेलो, राहीबाईजवळ बसलो आनि ती ताट पुसेपर्यंत उठलो नाय. वाटाण्याची उसळ टाकत होती, ती पन खायला लावली. ताई, हे कोनाला सांगू नको. आबांना नाय, झैदला तर बिलकुल नाय. ड्यूटी नसताना मी आपनहून वॉर्डात गेलो हे बाहेर कळलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाय. तुझ्या पाया पडतो, कोनाला सांगू नको.