उंच झालेली गाडी

प्रबुद्ध,

तुझ्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून लिहून ठेवतेय. सकाळी आईंना आबिड्सला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. तू ते मोठे टायर बसवल्यापासून आई त्या प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून गाडीत चढतात. आज स्टूल सरकलं. खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन आहे. पुन्हा चालतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

सुमेधाला पाजायला तेवढी घरी आले होते. ती शेजारच्या इंदुताईंकडे झोपलीय. आधी तिला जवळ घे, मग तारनाक्याच्या दवाखान्यात ये. भात कुकरमध्ये आहे, दोन घास खाऊन ये.

आईंची रोजची कसरत मला दिसत होती रे. पण टायर आले त्या दिवशी तू कितीतरी महिन्यांनी हसलास. मग माझ्याच्यानं बोलवेना.

अँब्युलन्समध्ये आई कण्हत म्हणाल्या, "लेकराला टायरचं सांगू नको बाई, हौसेनं बसवलेत त्यानं. बाथरूमात घसरले म्हन."

मला एकटीला हे पेलवत नाही, म्हणून तुला सांगितलं. त्यांच्यासमोर मात्र तू बाथरूमचंच विचार.

निशिगंधा